वृत्तपत्रांचे स्मरणांक आणि विद्यापीठीय ग्रंथालय : जतनविचाराची एक चिकित्सा

गोषवारा : एखादी ऐतिहासिक घटना, थोर व्यक्तीचे निधन, जयंती अथवा महोत्सव यांच्या निमित्ताने वृत्तपत्रे विशेष अंक काढतात. अशा स्मरणांकांना विद्यापीठीय ग्रंथालयांत मानाचे स्थान मिळते. परंतु हा मान त्यांच्या जतनाला नेहमी पोषक ठरतोच असे नाही. स्मरणांक हा गौरवाची वस्तू म्हणून जपला जातो तेव्हा तो ज्या मालिकेचा भाग आहे त्या मालिकेकडे दुर्लक्ष होते आणि पुष्कळदा खुद्द अंकाचीही हानी होते. प्रस्तुत लेखात मराठी वृत्तपत्रांची उदाहरणे आणि जतनविषयक एक महत्त्वाचा पाश्चात्त्य वाद यांच्या आधारे या प्रश्नाची चिकित्सा केली आहे.

बीजसंज्ञा : स्मरणांक, वृत्तपत्रांच्या फायली, न्यूजप्रिंट, मायक्रोफिल्म, प्रतिकृती, जतन.

१. प्रस्तावना

वृत्तपत्राचा अंक दुसऱ्या दिवशी रद्दीत जातो; स्मरणांक मात्र घरात ठेवला जातो. १५ ऑगस्ट १९४७ चा किंवा १ मे १९६० चा अंक आजोबांच्या ट्रंकेत सापडतो, पण १८ ऑगस्टचा किंवा ४ मेचा अंक क्वचितच सापडतो. या साध्या वस्तुस्थितीत वृत्तपत्रांच्या जतनाचा एक मूलभूत प्रश्न दडलेला आहे. समाज जे आपणहून जपतो तेच ग्रंथालयानेही जपायचे की समाज जे जपत नाही ते जपण्यासाठी ग्रंथालय असते, हा तो प्रश्न होय.

विद्यापीठीय ग्रंथालयांकडे स्मरणांक प्रामुख्याने दोन वाटांनी येतात. नियमित वर्गणीतून आलेल्या अंकांची बांधणी होऊन फायली तयार होतात, तेव्हा स्मरणांक त्या फायलींचा एक भाग म्हणून येतो. दुसरी वाट देणगीची. निवृत्त प्राध्यापक, स्वातंत्र्यसैनिकांचे वारस, जुने ग्रंथसंग्राहक आपल्याकडील सुटे अंक ग्रंथालयाच्या हवाली करतात. पहिल्या वाटेने आलेला अंक शेजारच्या अंकांसह येतो, तर दुसऱ्या वाटेने आलेला एकटाच येतो. दाखल नोंदवहीत दोन्हींची नोंद सारखीच होत असली, तरी अभ्यासकाच्या दृष्टीने त्यांचे मूल्य सारखे नसते. हा भेद लक्षात न घेता केलेले जतन हे वस्तूचे जतन ठरते, पुराव्याचे नव्हे, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे.

२. स्मरणांकाचे स्वरूप

‘स्मरणांक’ ही संज्ञा येथे व्यापक अर्थाने वापरली आहे. तिच्यात तीन प्रकारचे अंक येतात. घटना घडताच निघालेला विशेष अंक, निधनानंतरचा श्रद्धांजली अंक आणि जयंती, पुण्यतिथी, रौप्य वा सुवर्णमहोत्सव अशा निमित्ताने काही वर्षांनंतर निघालेला गौरव अंक, असे ते तीन प्रकार होत. पहिल्या प्रकारात वृत्तपत्र घटनेच्या आत उभे असते. दुसऱ्यात ते शोक व्यक्त करीत असतानाच त्या व्यक्तीची प्रतिमा घडवीत असते. तिसऱ्यात ते भूतकाळाची पुनर्मांडणी करते. १ मे १९६० चा अंक आणि महाराष्ट्र राज्याच्या रौप्यमहोत्सवाचा १९८५ मधील अंक हे एकाच विषयावरचे असले, तरी त्यांपैकी पहिला १९६० चा पुरावा आहे आणि दुसरा १९८५ चा. संग्रहात ‘महाराष्ट्र राज्य निर्मिती’ या एकाच विषयशीर्षकाखाली दोन्ही ठेवल्यास हा फरक पुसला जातो.

स्मरणांकाची घडणही नेहमीच्या अंकाहून वेगळी असते. त्यात पुरवण्या असतात आणि त्यांच्यावर पुष्कळदा स्वतंत्र पृष्ठांक असतात. मुखपृष्ठ अनेकदा चकचकीत कागदावर, रंगीत छपाईत असते. ठळक शीर्षके खिळ्यांऐवजी चित्रकाराने हाताने काढलेली व ठशावरून छापलेली असतात. त्याचबरोबर जाहिरातींचे प्रमाण मोठे असते. अभिनंदनाच्या किंवा आदरांजलीच्या या जाहिराती बहुतेक वाचक उलटून जातात. सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकासाठी मात्र त्या मोलाच्या आहेत. कोणत्या पेढीला, गिरणीला, सहकारी साखर कारखान्याला किंवा नगरपालिकेला कोणत्या नेत्याच्या स्मरणाशी आपले नाव जोडावेसे वाटले, हे त्या जाहिराती सांगतात. एखाद्या पुढाऱ्याच्या गौरव अंकातील लेख त्याच्या गुणांविषयी सांगतात. त्याच्या प्रभावक्षेत्राचा नकाशा जाहिरातींत असतो. म्हणून केवळ ‘महत्त्वाची पाने’ कापून ठेवणे, ही ग्रंथालयांतून एके काळी रूढ असलेली कात्रणांची पद्धत स्मरणांकाच्या बाबतीत विशेष घातक ठरते.

३. कागदाचा प्रश्न

जतनाची कोणतीही चर्चा अखेर कागदापाशी येते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्यापासून केलेला कागद वृत्तपत्रांसाठी सर्वत्र रूढ होत गेला. तत्पूर्वीचा कागद मुख्यतः चिंध्यांपासून केलेला असे. यांत्रिक पद्धतीने दळलेल्या लाकडाच्या लगद्यात लिग्निन हा घटक राहून जातो. प्रकाश व प्राणवायू यांच्या संपर्काने त्याचे विघटन होते, कागद पिवळा पडतो, त्यातील आम्लता वाढते आणि तंतू तुटू लागतात. परिणामी शंभर वर्षांपूर्वीचे वृत्तपत्र दोनशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकापेक्षा अधिक जर्जर असू शकते. जुने म्हणजे नाजूक आणि अलीकडचे म्हणजे सुरक्षित, ही समजूत वृत्तपत्रांच्या बाबतीत उलटी ठरते. १९४०–६० या दशकांतील न्यूजप्रिंट आज संग्रहांतील सर्वांत धोक्यात असलेल्या साहित्यापैकी आहे आणि आधुनिक महाराष्ट्राच्या घडणीचे बहुतेक स्मरणांक नेमके याच काळातील आहेत.

स्मरणांकांच्या बाबतीत यात आणखी एक गुंतागुंत असते. आतील पाने न्यूजप्रिंटची आणि वेष्टन किंवा चित्रपृष्ठे मुलामा दिलेल्या आर्ट पेपरची असतील, तर एकाच अंकात दोन स्वभावांचे कागद एकत्र नांदतात. दमट हवेत आर्ट पेपरची पाने एकमेकांना चिकटतात आणि ती सोडवताना छपाईचा थरच निघून येतो. न्यूजप्रिंटचे आम्ल शेजारच्या पानावर उतरून तपकिरी डाग पडतात. कोकण व मुंबई परिसरात पावसाळ्यात हवेतील सापेक्ष आर्द्रता वारंवार ८० टक्क्यांच्या वर जाते. कागदी संग्रहांसाठी ती ५० टक्क्यांच्या आसपास आणि मुख्य म्हणजे स्थिर असावी लागते. दिवसा वातानुकूलन चालू व रात्री बंद ठेवण्याच्या रिवाजाने आर्द्रतेचे चढउतार वाढतात आणि कागदाला ते अधिक बाधतात. बुरशी, कसर व वाळवी यांचा उपद्रव वेगळाच.

हे सर्व ग्रंथपालांना ठाऊक नाही असे नव्हे. प्रश्न माहितीपेक्षा प्राधान्यक्रमाचा आहे. उपलब्ध मनुष्यबळ व निधी मर्यादित असताना कोणत्या कागदाकडे आधी पाहायचे, हे ठरवताना ‘ऐतिहासिक’ म्हणून ओळखला जाणारा अंक सहजच पुढे येतो आणि त्याच खंडातील उरलेले अंक मागे राहतात.

४. गौरवातून होणारी हानी

स्मरणांकाला मिळणारा मान अनेकदा त्याच्या मुळावर येतो, हे या विषयातील सर्वांत दुर्लक्षित सत्य आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले. त्या घटनेच्या स्मरणार्थ महाराष्ट्रात ६ जानेवारी हा पत्रकार दिन पाळला जातो. या दिवशी, तसेच १५ ऑगस्ट, १ मे, ६ डिसेंबर अशा दिवशी शिक्षणसंस्थांतून जुन्या वृत्तपत्रांची प्रदर्शने भरतात. मूळ अंक काचेच्या पेटीत, तेजस्वी दिव्याखाली, काही दिवस उघडा ठेवला जातो. प्रकाशाने होणारी हानी साठत जाते. अंक पुन्हा अंधारात ठेवल्याने ती भरून निघत नाही. दरवर्षी तेच पान उघडले जात असल्याने मुखपृष्ठ काळवंडते आणि आतील पाने तुलनेने बरी राहतात. प्रेक्षकांना जे दाखवायचे तेच आधी नष्ट होते.

दुसरा प्रकार लॅमिनेशनचा. भारतीय राष्ट्रीय अभिलेखागारात जर्जर कागदपत्रांसाठी सेल्युलोज ॲसिटेटचे पातळ पटल व टिश्यू कागद ॲसिटोनच्या साहाय्याने हाताने चिकटवण्याची पद्धत विकसित झाली. ती प्रशिक्षित व्यक्तींनी, ठरावीक परिस्थितीत, कागदाचे परीक्षण करून वापरण्याची पद्धत होती. तिच्याही मर्यादा पुढे लक्षात आल्या, कारण सेल्युलोज ॲसिटेट काळाच्या ओघात स्वतःच विघटित होऊन आम्ल सोडते. झेरॉक्सच्या दुकानातील उष्ण प्लॅस्टिकच्या लॅमिनेशनचा तर या शास्त्राशी काहीही संबंध नाही. त्यात आम्लयुक्त कागद त्याच्या आम्लासह कायमचा बंदिस्त होतो आणि प्लॅस्टिक काढायचे तर कागदही जातो. जतनशास्त्राचे पहिले तत्त्व असे की केलेली प्रक्रिया पुढे उलटवता आली पाहिजे. या तत्त्वाचा भंग सामान्य अंकाच्या बाबतीत सहसा होत नाही, कारण त्याला कोणी लॅमिनेट करीतच नाही. लॅमिनेशन, चौकट आणि भिंत हे स्मरणांकाच्याच वाट्याला येतात.

तिसरी हानी बांधणीशी संबंधित आहे. प्रदर्शनासाठी बांधीव खंडातून अंक सोडवला जातो आणि पुन्हा जागेवर जात नाही. पुरवणीचा आकार वेगळा असल्यास बांधणीच्या वेळी कडा छाटताना मजकूर कापला जातो किंवा पुरवणी बाजूला काढली जाते. अशा रीतीने ‘सुरक्षित’ ठेवलेला स्मरणांक काही वर्षांनी कपाटात सापडतो, तेव्हा तो कोणत्या खंडातून निघाला याचा थांग लागत नाही.

५. मालिकेतून तुटलेला अंक

येथे मूळ प्रश्नाकडे येता येते. स्मरणांक एकटा जपला तर काय हरवते?

३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली. त्यानंतरच्या श्रद्धांजली अंकांत देशाचा शोक दिसतो, आणि तो खरा होता. परंतु त्याच दिवसांत पश्चिम महाराष्ट्राच्या अनेक गावांत ब्राह्मणांच्या घरांची जाळपोळ झाली. कोल्हापुरातील भालजी पेंढारकर यांचा जयप्रभा स्टुडिओ त्या आगीत सापडला. अनेक कुटुंबे गाव सोडून शहरांकडे गेली आणि महाराष्ट्राच्या ग्रामीण समाजरचनेत दूरगामी बदल झाले. या प्रकरणाचा माग काढायचा तर काळ्या चौकटीतला अंक पुरत नाही. लगतच्या आठवड्यांचे साधे अंक लागतात. संचारबंदीचे हुकूम, सामुदायिक दंडाच्या बातम्या, नुकसानभरपाईविषयीची पत्रे, शाळा पुन्हा उघडल्याच्या सूचना अशा कोपऱ्यांतल्या चार ओळींवर इतिहासकाराला विसंबावे लागते. शोक जपला गेला आणि पुढचे दोन महिने रद्दीत गेले, तर त्या कालखंडाचे चित्र आपोआप एकांगी होते. ग्रंथालयाने कोणतीही बाजू घेतलेली नसते. तरी परिणाम बाजू घेतल्यासारखाच होतो.

याच्या उलट बाजूचेही एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नियतकालिकांची परंपरा ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ने सुरू होते. ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’, २४ नोव्हेंबर १९३० रोजी ‘जनता’ आणि १९५६ मध्ये ‘जनता’चेच ‘प्रबुद्ध भारत’ असे तिचे टप्पे आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धम्मदीक्षा झाली आणि दुसऱ्या दिवशी आंबेडकरांनी धर्मांतरामागील भूमिका विशद करणारे भाषण केले. ‘प्रबुद्ध भारत’ने २७ ऑक्टोबर १९५६ रोजी काढलेल्या आंबेडकर बौद्ध दीक्षा विशेषांकात ते भाषण प्रसिद्ध झाले. त्यानंतर अवघ्या चाळीस दिवसांनी, ६ डिसेंबर १९५६ रोजी आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले. येथे विशेषांक हा सोहळ्याची आठवण राहत नाही. तो एका युगप्रवर्तक भाषणाचा समकालीन मुद्रित आधार ठरतो. हे भाषण महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या लेखन-भाषणांच्या खंडांत समाविष्ट असले, तरी ग्रंथातील पाठ आणि वृत्तपत्रातील पाठ यांचे प्रयोजन भिन्न आहे. भाषणाच्या शेजारी काय छापले होते, संपादकाने कोणते मथळे दिले, कोणाच्या वर्गण्यांवर व जाहिरातींवर तो अंक उभा राहिला, हे मूळ अंकच सांगू शकतो.

या दोन उदाहरणांतून एकच निष्कर्ष निघतो. पहिल्यात शेजारचे अंक नसल्यास स्मरणांक दिशाभूल करतो. दुसऱ्यात स्मरणांकच केंद्रवर्ती पुरावा आहे. पण ‘जनता’ ते ‘प्रबुद्ध भारत’ या प्रवाहाची जोड नसेल, तर दोन दशकांहून अधिक काळ चाललेल्या विचारमंथनाचा तो परिपाक आहे हे त्यातून उमगत नाही. स्मरणांक कितीही महत्त्वाचा असला, तरी तो मालिकेतच अर्थ धारण करतो.

६. मायक्रोफिल्मचा वाद आणि त्याचा धडा

वृत्तपत्रे जागा व्यापतात आणि झिजतात. म्हणून त्यांची मायक्रोफिल्म करून मूळ अंक निकाली काढण्याचे धोरण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिका व ब्रिटनमधील अनेक मोठ्या ग्रंथालयांनी स्वीकारले. या धोरणावर निकोल्सन बेकर या अमेरिकन लेखकाने ‘डबल फोल्ड’ (२००१) या ग्रंथात घणाघाती टीका केली. कागदाचा कोपरा पुढेमागे दुमडून तो तुटतो का हे पाहण्याच्या चाचणीवरून ग्रंथाचे हे नाव आले आहे. दुमडल्यावर तुटणारा कागद वाचताना तुटतोच असे नाही. त्यामुळे या चाचणीच्या आधारे अंक बाद करणे हा घाईचा न्याय होता, असा बेकरचा आक्षेप. ब्रिटिश लायब्ररीने अमेरिकन वृत्तपत्रांच्या फायली विक्रीस काढल्या, तेव्हा १९९९ मध्ये बेकरने अमेरिकन न्यूजपेपर रिपॉझिटरी ही संस्था स्थापून त्या मिळवल्या. २००४ मध्ये हा संग्रह ड्यूक विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे गेला. व्यक्तीने वाचवलेले वृत्तपत्र अखेर विद्यापीठाने सांभाळले, हा या कथेचा शेवट भारतीय विद्यापीठांनी ध्यानात घेण्याजोगा आहे.

बेकरच्या प्रतिपादनाला रिचर्ड कॉक्स या अभिलेखशास्त्राच्या प्राध्यापकाने ‘व्हँडल्स इन द स्टॅक्स?’ (२००२) या ग्रंथातून उत्तर दिले. सर्व काही मूळ स्वरूपात राखणे कोणत्याही समाजाला शक्य नसते, निवड ही अभिलेखकर्माचा गाभा आहे आणि निवडीची जबाबदारी नाकारून जतन करता येत नाही, हा त्यातील युक्तिवादाचा आशय होय.

मराठी संदर्भात या वादाचे मूल्यमापन करताना दोन्ही बाजूंत तथ्य आढळते. बेकरचा मुद्दा स्मरणांकांच्या बाबतीत सर्वाधिक लागू पडतो. कृष्णधवल मायक्रोफिल्मवर रंग उमटत नाहीत. जोसेफ पुलित्झर यांच्या ‘न्यू यॉर्क वर्ल्ड’च्या रंगीत रविवार पुरवण्या मूळ स्वरूपात वाचल्या, म्हणूनच बेकर आणि मार्गारेट ब्रेंटानो यांना २००५ मध्ये त्यांचा सचित्र ग्रंथ सिद्ध करता आला. मराठी स्मरणांकांतील रंगीत मुखपृष्ठे, राष्ट्रपुरुषांची चित्रे, सजावटीची अक्षरे हाही दृश्यसंस्कृतीचा इतिहास आहे आणि तो करड्या छटांत वाचता येत नाही.

परंतु बेकरचा वाद संपूर्ण फायली हाताशी असलेल्या ग्रंथालयांशी होता. येथे अनेक महत्त्वाच्या पत्रांच्या फायली मुळातच पूर्ण नाहीत. सत्यशोधक विचारांच्या ‘दीनबंधु’ (१८७७) सारख्या पत्राचा अभ्यास करताना अंकांच्या दुर्मिळतेशीच प्रथम झगडावे लागते. अनेकदा मुंबई सरकारच्या भाषांतरकारांनी केलेल्या देशी वृत्तपत्रांच्या साप्ताहिक इंग्रजी सारांशांवर भिस्त ठेवावी लागते. परकीय सत्तेने पाळतीसाठी केलेले सारांश हाच मराठी मताचा पुरावा उरावा, ही स्थिती अंतर्मुख करणारी आहे. अशा ठिकाणी मूळ की मायक्रोफिल्म हा वाद गौण ठरतो. आधी जे आहे ते एकत्र करणे, त्याची नोंद करणे आणि निदान एक विश्वसनीय प्रतिमा निर्माण करणे आवश्यक ठरते. कॉक्सचा निवडीचा आग्रह येथे मान्य करावा लागतो. फक्त निवडीचा निकष ‘गौरवास्पद दिवस’ हा नसावा.

७. प्रतिकृतीचा प्रश्न

स्मरणांकांच्या बाबतीत आणखी एक अडचण संभवते, ती अस्सलपणाची. वृत्तपत्रे आपल्या शताब्दीला किंवा घटनेच्या सुवर्णमहोत्सवाला जुन्या पहिल्या पानाची प्रतिकृती वाटतात. काही दशकांनी ही प्रतिकृतीही पिवळी पडते आणि मूळ अंक म्हणून देणगीत येते. अमेरिकेतील ‘अल्स्टर काउंटी गॅझेट’चा ४ जानेवारी १८०० चा अंक या संदर्भात प्रसिद्ध आहे. जॉर्ज वॉशिंग्टनच्या निधनानंतरच्या या अंकाची एकोणिसाव्या शतकात इतक्या वेळा पुनर्मुद्रणे झाली की अस्सल प्रती फारच थोड्या आणि नकला असंख्य अशी स्थिती झाली. लायब्ररी ऑफ काँग्रेसला अस्सल प्रत ओळखण्याच्या खुणा सांगणारे माहितीपत्रक काढावे लागले.

मराठी अंकांच्या बाबतीतही काही साध्या खुणा उपयोगी पडतात. खिळ्यांच्या छपाईत अक्षराचा दाब कागदावर उमटतो आणि पानाच्या मागील बाजूस बोटाला किंचित उठाव जाणवतो. ऑफसेटने छापलेल्या प्रतिकृतीचा पृष्ठभाग सपाट असतो. मूळ छायाचित्राच्या जाळीदार ठिपक्यांवर पुनर्छपाईत दुसऱ्या ठिपक्यांची भर पडून चित्र गढूळ होते. प्रतिकृती बहुधा पहिल्या पानापुरती असते आणि मागे कोरे पान किंवा आजची जाहिरात असते. ही तपासणी दाखल नोंदीच्या वेळीच झाली पाहिजे. प्रतिकृती त्याज्य नाही. तीही तिच्या काळाचा पुरावा आहे. मात्र नोंदीत तिला प्रतिकृती म्हटले पाहिजे.

किंबहुना प्रतिकृतीचा योग्य उपयोग करून घेणे हाच प्रदर्शनाच्या हानीवरचा उपाय आहे. मूळ अंकाचे एकदाच, रंगीत व उच्च दर्जाचे स्कॅनिंग करून त्याची मूळ आकारातील छपाई पेटीत ठेवली, तर प्रेक्षकाचे काहीही कमी होत नाही आणि अंक अंधारात, आडवा, निराम्ल कागदाच्या वेष्टनात सुरक्षित राहतो.

८. कोणाचे स्मरण?

स्मरणांकांच्या संग्रहाची रचना पाहिली की समाजातील स्मरणाची सत्ता कोणाकडे होती, हेही उघड होते. ज्या पत्राकडे स्वतःचे मुद्रणालय, वाडा, विश्वस्त संस्था आणि सुशिक्षित वर्गणीदार होते, त्याचे अंक टिकले. ज्याचा वाचक अंक दुसऱ्याला वाचून दाखवून पुढे देत असे, त्याचे अंक हाताळणीनेच संपले. अधिक वाचले गेलेले पत्र कमी उरले, हा विरोधाभास ग्रामीण व दलित पत्रकारितेच्या इतिहासात ठळकपणे जाणवतो. मुकुंदराव पाटील यांनी १९१० मध्ये सुरू केलेले ‘दीनमित्र’ नेवासे तालुक्यातील तरवडीसारख्या खेड्यातून १९६७ पर्यंत चालले. अशा पत्राचा नेहमीचा अंक महानगरी दैनिकाच्या सुवर्णमहोत्सवी अंकाइतकाच, कदाचित अधिक, जतनयोग्य आहे. विद्यापीठाचे कार्यक्षेत्र जिल्ह्यांच्या हद्दींनी ठरलेले असते. त्या क्षेत्रातील तालुकापत्रे, साप्ताहिके व सहकारी संस्थांची मुखपत्रे इतर कोणतेही राष्ट्रीय ग्रंथालय अग्रक्रमाने सांभाळणार नाही. ही जबाबदारी स्वभावतःच विद्यापीठाची आणि त्याच्याशी संलग्न महाविद्यालयांची ठरते.

कायद्याचा आधार येथे पुरेसा नाही. ग्रंथ व वृत्तपत्रे वितरण (सार्वजनिक ग्रंथालये) अधिनियम, १९५४ मध्ये १९५६ च्या दुरुस्तीने वृत्तपत्रांचा समावेश झाला. कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचे कोन्नेमारा ग्रंथालय, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय व दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय यांना प्रती पाठवण्याचे बंधन प्रकाशकांवर आहे. विद्यापीठीय ग्रंथालयांचा या यादीत समावेश नाही. त्यांना जे मिळते ते वर्गणीने किंवा सद्भावनेने मिळते. मात्र कायदा एका बाबतीत साहाय्यकारी आहे. प्रताधिकार अधिनियम, १९५७ मधील २०१२ च्या दुरुस्तीने, ज्या साहित्याची मुद्रित प्रत आधीच संग्रही आहे त्याची जतनासाठी इलेक्ट्रॉनिक साठवण करण्यास अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयांना मुभा दिली आहे. स्कॅनिंग केलेले साहित्य सर्वांसाठी खुले करणे हा वेगळा प्रश्न असून त्यासाठी प्रताधिकाराची मुदत तपासावी लागते. परंतु प्रताधिकाराची धास्ती हे जतनच टाळण्याचे कारण होऊ नये.

९. नोंदीचे महत्त्व

जतन म्हणजे केवळ कागद टिकवणे नव्हे. सापडत नाही ते टिकूनही नसल्यासारखेच असते. स्मरणांकाच्या तालिकीकरणात पुढील बाबी अपरिहार्य मानाव्या लागतील : पत्राचे नाव, वर्ष व अंक क्रमांक, इंग्रजी तारखेसोबत छापलेली तिथी व शक, विशेषांकाचे छापील शीर्षक, पुरवण्यांची संख्या व पृष्ठे, मूळ की प्रतिकृती, देणगीदाराकडून आला की फायलीतून, आणि त्याच पत्राचे लगतचे अंक कोठे उपलब्ध आहेत याचा निर्देश. शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची आहे. एका विद्यापीठाकडे स्मरणांक आणि दुसऱ्या शहरातील नगर वाचनालयाकडे उरलेली फाईल, अशी विभागणी असेल तेथे अंक हलवण्याची गरज नाही; दोन्ही नोंदींनी एकमेकींकडे बोट दाखवले तरी मालिका कागदावर पुन्हा जुळते. शं. ग. दाते यांनी मराठी ग्रंथांच्या सूचीकार्यात जी चिकाटी दाखवली, तिचेच अनुसरण वृत्तपत्रांच्या संयुक्त सूचीसाठी व्हायला हवे.

संगणकीय अक्षरओळख या कामात साहाय्य करते, पण तिच्या मर्यादा स्मरणांकांतच अधिक जाणवतात. हाताने काढलेली शीर्षके, चित्रांवर छापलेला मजकूर, तुटक जोडाक्षरे आणि पिवळ्या कागदावरील पुसट शाई यंत्राला नीट वाचता येत नाही. त्यामुळे शीर्षके व लेखकनामे तरी मानवी हातांनीच नोंदवावी लागतात. पदव्युत्तर मराठी, इतिहास व ग्रंथालयशास्त्र विभागांच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पकार्य म्हणून हे काम देता येण्याजोगे आहे. त्यातून सूची तयार होईल आणि विद्यार्थ्याला फायली हाताळण्याचा संस्कारही मिळेल. रा. के. लेले यांचा ‘मराठी वृत्तपत्रांचा इतिहास’ (१९८४) सारखा ग्रंथ अंकांच्या उपलब्धतेवाचून लिहिला जाऊ शकत नाही, हे त्या विद्यार्थ्याला त्या वेळी आपोआप कळेल.

१०. समारोप

स्मरणांक हा समाजाने स्वतःविषयी केलेले विधान असतो. ते विधान जपणे योग्यच आहे. परंतु विद्यापीठाचे काम त्या विधानाची तपासणी शक्य करून ठेवण्याचे आहे आणि तपासणी शेजारच्या साध्या अंकांवाचून होत नाही. म्हणून निधी अपुरा असेल तेथे एका स्मरणांकाची चौकट करण्याऐवजी त्या महिन्याचा संपूर्ण खंड वेष्टनात घालणे, सुट्या देणगी-अंकाला नोंदीद्वारे त्याच्या मालिकेशी जोडणे, प्रदर्शनात प्रतिकृती ठेवणे आणि कार्यक्षेत्रातील लहान पत्रांना अग्रक्रम देणे, असा क्रम स्वीकारणे इष्ट ठरेल.

यांतील कोणत्याही गोष्टीला मोठी यंत्रणा लागत नाही. निर्णय मात्र लागतो. १९४०–६० या दशकांतील न्यूजप्रिंट या निर्णयाची फार काळ वाट पाहू शकणार नाही. १५ ऑगस्ट १९४७ चा अंक समाजाने आजवर जपला आहे आणि पुढेही जपेल. १८ ऑगस्टच्या अंकाला ग्रंथालयाशिवाय दुसरा वाली नाही.